उतरणीचा गुडघा

घरसामान हलवणाऱ्या त्या टोळीत त्याला सगळे ‘खांब’ म्हणत. अंगाने काडीपैलवान, पण कपाट जिन्यावरून उतरवायचं तर खालची बाजू त्याचीच. खालची बाजू म्हणजे वजनाचा मोठा वाटा आपल्यावर, तोंड कपाटाकडे, पाठ वाटेकडे, आणि पायरी डोळ्यांनी नाही, तळपायाने शोधायची. शहाण्यांना ही नुसती हमाली वाटते. वाटू दे. त्यांनी एकदा गादी तरी उतरवून दाखवावी!

ट्रकच्या फळीवरून पडून खांबाचा पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण मांडी सुकल्या शेंगेसारखी झाली होती. टोळीचा मुकादम त्याच्या बायकोचा भाऊ.

“भाऊजी, तुम्ही आता ट्रकमध्ये बसून दोऱ्या बांधा. गुडघा दगा देईल आणि कपाट येईल छाताडावर. बहीण मला उभा सोलेल.”

“दोऱ्या बांधायला तू आहेस की! मी जिन्यावरचा माणूस आहे.”

खांब हट्टाला पेटला. रोज सकाळी इमारतीचा जिना गच्चीपर्यंत चढायचा आणि लिफ्टने खाली यायचा. टोळीत सगळ्यांचा हाच समज: चढताना दम लागतो, म्हणजे खरं काम चढण्यात, उतरताना काय, वजन आपणहून खाली येतं. मांडी जरा भरली. खांबाने मिशीला पीळ दिला, कपड्यांची बॅग उचलली आणि जिना उतरायला लागला. दुसऱ्याच पायरीवर गुडघा लटपटला आणि स्वारी बुडावर.

बायको त्याला ओढतच फिजिओथेरपीवाल्या बाईकडे घेऊन गेली. बाईने पाण्याची भरलेली बाटली हातात धरून कोपर वाकवलं. “दंडाला हात लावा. उचलताना स्नायू आखडतो, कळलं? आता बाटली सावकाश खाली नेते. सैल पडला?”

खांबाने चाचपलं. “नाही. घट्टच आहे.”

“लांब होतोय, तरी धरून आहे. सोडला असता तर बाटली आदळली असती. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू हेच करतो. तुम्ही त्याला वर ओढायला शिकवलंत, थोपवायला शिकवलंच नाही.”

“म्हणजे इंजिन दणकट, पण ब्रेक नाही!”

“आणि निघाले घाट उतरायला,” बायको म्हणाली.

मग घरच्या उंबऱ्याजवळ शाळा भरली. दुखरा पाय ठोकळ्यावर, दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवायची आणि परत वर. समोर बायको, हात कमरेवर. “अहो, गुडघा आत चाललाय. पंजाच्या रेषेत ठेवा. नवऱ्याचीच जात, लक्ष काढलं की भलतीकडे!”

खांब चिडायचा, घाम पुसायचा आणि पुन्हा टाच टेकवायचा.

शेवटी तो मुकादमासमोर उभा राहिला. “हे कपाट मी खालून घेतो. नाही जमलं तर दोऱ्या बांधीन, शब्द देतो.”

वरून मुकादम, खालून खांब. पायऱ्या तळपायाला ओळखू येऊ लागल्या. अर्ध्यावर, जिन्याच्या वळणाशी मांडी थरथरली. जिन्यात मध्येच कपाट टेकवणं म्हणजे टोळीत नाचक्की. पूर्वीचा खांब मेला असता, पण बोलला नसता.

“टेकव!” तो ओरडला.

मुकादम वरून डोकावला. “झालं? दुसऱ्याला बोलावू?”

“बोलाव, पण तुझ्या जागी! कपाट हात लांब करून धरलंयस. अंगाशी घे. लांबून धरलं की तुझी कंबरही जाते आणि झोक सगळा माझ्यावर येतो. माझा ब्रेक माझ्यापुरता आहे, तुझ्यापुरता नाही!”

मुकादमाने ओठ चावला, कपाट पोटाशी ओढलं. खांबाने श्वास भरला. गुडघा पंजाच्या रेषेत, मांडी हळूहळू सोडत, पायरीमागून पायरी. कपाट ट्रकपाशी येऊन उभं राहिलं. दारावरच्या आरशाला ओरखडाही नाही.

मुकादम गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसत टोळीकडे वळला. “उद्या तिसऱ्या मजल्यावरचा मोठा फ्रिज उतरवायचाय. खालून भाऊजी. वरून कोण येतंय, बोला.”

जो तो दोऱ्या गुंडाळायला लागला. खांबाने मुकादमाला झापलेलं जिनाभर ऐकू आलं होतं.