कपाटातला माझा कप्पा

उंब्रजच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली, तेव्हा माझी लेक रुपाली माझ्या आईच्या कडेवर होती. दसरा झाला होता, लावणीच्या पार्ट्या बाहेर पडायचे दिवस. नवऱ्याचं घर सुटलेलं, शिक्षण अर्धवट, हाताशी काय तर गळा. आई म्हणाली, "मागं वळून बगू नगंस. पोरीला आमी हाय." मी खरंच वळले नाही. गाडी हायवेला लागली तरी पोरीचं रडणं कानात होतं, आणि मी गाण्याची चाल घोळवत होते, कारण त्याच दिवशी पहिला कार्यक्रम होता.

दादा, वहिनी, हे तुमच्यासाठी लिहितेय. आई आता नाही, नाहीतर तिलाही कुणीतरी वाचून दाखवलं असतं. आणि टेम्पोत बसून गावोगाव फिरणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठीही.

तेव्हा पेटी, ढोलकी आणि एक भोंगा एवढ्यावर भागायचं. आता कीबोर्ड आलाय, मागं एलईडीची भिंत आलीय, आणि पुढच्या रांगेतली माणसं टाळ्या वाजवायच्या ऐवजी मोबाईल वर धरून बसतात. बदललं नाही ते एकच. पार्टीतली बाई पिशवी सोडत नाही. साडी काढायची, नेसायची, घडी घालून परत पिशवीत, चेन बंद. मुक्काम शाळेच्या खोलीत असो की ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, मालकानं 'चला' म्हटलं की निघायचं. ही सवय अंगात इतकी मुरली की सांगलीत भाड्याची खोली घेतली, तरी तिथल्या खुंट्या मोकळ्याच आहेत.

वहिनी, तुम्ही कपाटातला एक कप्पा माझ्यासाठी रिकामा ठेवला होता, खाली वर्तमानपत्र अंथरून. पावसाळ्यात कार्यक्रम बंद झाले की मी यायची आणि तुम्ही म्हणायच्या, "वन्सं, कापडं कप्प्यात ठेवा की. पाव्हण्यावानी काय पिशवीतनं काढताय?" मी म्हणायची, उद्या ठेवते. पिशवी खाटेखालीच राहायची. रुपाली कुठं धडपडली की "मामी" म्हणून हाक मारायची. मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटून घ्यायला आपल्याला तोंड नाही याचंही वाईट वाटायचं.

यात्रा तर मला सगळ्यांच्या घडल्या, आपली सोडून. चैत्रात आपल्या गावची पालखी निघायची तेव्हा मी फलटणकडं कुठल्यातरी स्टेजवर असायची आणि त्या गावच्या बायांनी आणून दिलेली कालवण-भाकरी खायची. यंदा मात्र आपल्याच गावच्या यात्रा कमिटीनं आमच्या पार्टीला सुपारी दिली. मी हरखून गेले. गाणंही होईल, घरही होईल.

रुपाली आता साताऱ्यात नर्सिंग करते. तिला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "आई, यायचं तर घरी ये, न्हाईतर स्टेजवर ये. दोन्ही करू नगंस. तू आलीस की मला तुझ्या जाण्याचीच धास्ती बसती." तिचं काय चुकलं? दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधी वाटेत घर लागलं, तर मी तोंडाला रंग तसाच ठेवून जेवायला बसायची आणि टेम्पोचा हॉर्न वाजला की ताटावरून उठायची. हे तिनं लहानपणापासून पाहिलंय.

मी मालकांना सांगितलं, त्या दिवशी माझी गाणी नवीन मुलीला द्या. ते म्हणाले, "गावानं तुझं नाव बघून सुपारी दिलीया. मग नंतर जागा गेली म्हणून तक्रार नगं." मी नुसती मान हलवली.

यात्रेच्या दिवशी मी घरी पोळ्या लाटल्या. मीठ कुठं, चाळणी कुठं, सगळं विचारून. रुपालीच्या मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. दिवस मावळायच्या सुमाराला स्टेजवर ढोलकी वाजली आणि माझी लाटणं धरलेली बोटं आपोआप ठेका धरायला लागली. तेवढ्यात कमिटीचे सुभेदार तात्या दारात. "पोरी, लोक तुझं नाव घिऊन वरडत्यात. एकच गाणं म्हण अन् ये माघारी."

माझा जीव तिकडं गेला होता, खोटं कशाला बोलू. रुपाली हातातला तांब्या घेऊन माझ्याकडं बघत उभी होती.

"आवं तात्या," मी म्हणाले, "आज मी घरी हाय."

तात्या नाराज होऊन गेले. रुपाली तांब्या घेऊन मैत्रिणींना पाणी वाढायला आत गेली.

सकाळी अंघोळ झाल्यावर मी पहिल्यांदा माझ्या साड्या घेऊन कपाटाशी गेले. कप्पा भरलेला होता. रुपालीची जाड पुस्तकं, इस्त्रीचा पांढरा गणवेश. मी दार लोटलं आणि साड्या परत पिशवीत भरायला लागले.

मागून रुपाली म्हणाली, "मला वाटलंच न्हवतं, तू कवा ठेवशील म्हणून." तिनं कपाट उघडलं, पुस्तकं एका कडेला सारली. "अर्ध्यात बसतंय का बघ."

मी अजून पार्टीतच आहे, पण पोस्टरवर आता माझ्या जागी नवीन मुलीचा फोटो आहे, आणि रुपालीचा फोन आजही जेमतेमच येतो. सगळ्या साड्या मला ठेवता आल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी विट्याला कार्यक्रम होता. पण घर कुठं म्हणून कुणी विचारलं, तर आता मला सांगता येतं. तिथल्या कपाटात, लेकीच्या पुस्तकांशेजारी, माझी एक साडी आहे.