हरणांना मी दिसतो

आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ. दीर आणि जाऊबाई भांडायला लागले की मी हातातलं भांडं खाली ठेवून ऐकायची. खोटं कशाला सांगू.

त्या दिवशी जाऊबाई म्हणत होती, डोळ्यांचं साहेबांना सांगून टाका. भाऊजींचं काम इस्पितळामागच्या मैदानावर. पेशंटला मोठ्या इस्पितळात न्यायला हेलिकॉप्टर येणार असलं की आधी मैदान चालून बघायचं, हरणं हुसकायची, मग निशाण दाखवायचं. बावीस वर्षं केलं. आता मात्र चहात साखरेऐवजी मीठ घालायचे आणि हार मानायला नको म्हणून पिऊनही टाकायचे.

"तुम्हाला समोरचं हरीण दिसत नाही," जाऊबाई म्हणाली.

"हरणांना मी दिसतो. तेवढं पुरतं."

मला हसू आलं. खरंच, ते दिसले की कळप उठून कुंपणापलीकडे जायचा. नोकरी जाईल म्हणून मीही गप्प बसले. पण त्यानंतर हेलिकॉप्टरची घरघर ऐकली की मी हातातलं काम टाकून दारात यायची.

पाडसाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मोठं हरीण माणूस बघून पळतं. चार दिवसांचं पाडस गवतात अंग चोरून पडून राहतं. भाऊजी त्याच्या शेजारूनच गेले असणार. निशाण वर झालं. हेलिकॉप्टर खाली आलं, वाऱ्यानं गवत आडवं झालं आणि पाडस नेमकं त्याच्याखाली उठलं. पायलटनं बाजूला घेतलं, तसं हेलिकॉप्टर कलंडलं. पायलटची कंबर मोडली. पाडसाचं काय सांगू.

आवाज ऐकून आम्ही दोघी धावलो. जाऊबाई फाटकाशीच थांबली. भाऊजी साहेबांपुढे उभे होते.

"पायलटची चूक नाही. मला दोन वर्षं नीट दिसत नाही."

साहेबांना रागवायलाही सवड नव्हती. पायलटला न्यायला दुसरं हेलिकॉप्टर निघालं होतं आणि मैदान ठाऊक असलेलं दुसरं कुणी नव्हतं. भाऊजी माझ्याकडे वळले.

"वहिनी, गवतात तुम्ही बघा. मी चालतो."

मोडकं हेलिकॉप्टर एका कडेला पडलेलं. उरलेलं मैदान आम्ही पायानं चाचपत पालथं घातलं. कुंपणाच्या आत हरिणी उभी होती, हलेना. मी सांगितलं कुठे ते. भाऊजी दोन्ही हात पसरून तिच्याकडे सावकाश चालत गेले, रोज जायचे तसे. ती पलीकडे गेल्याचं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी निशाण वर केलं.