काण्या कोंबड्याची पैदास

कोंबडी हातात आली की मावशी आधी तिला उलटी धरायची आणि अंगठ्याने पायाची नळी दाबून बघायची. “आदी पाय बघा,” हे तिचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाईक छाती चाचपायला लागलं की त्याच्या हातावर फटका बसायचा. “छाती काय बघायलाव? पायावर उभी राहिली तर कोंबडी, न्हाईतर नुसती पिशवी!”

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सदा चिडलेली, आणि चिडण्याचं कारण विचारलं की ते खरंच निघतं. चौसाळ्याला हायवेच्या कडेला आमचं भुसार दुकान होतं आणि दुकानामागे, ओढ्याला लागून, मावशीचं घर. सगळं गाव तिला मावशीच म्हणायचं. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, कधीतरी उगवायचा. बाजरीचा चुरा आणि मक्याची भरड न्यायला ती आमच्याकडे यायची. आम्ही लिंगायत वाणी, घरात अंडंसुद्धा येत नसे. “वाण्या, तू खात न्हाईस, तुला सांगून काय उपेग?” असं म्हणून ती मला सगळं सांगायची.

ते नव्वदीनंतरचे दिवस होते. हायवेला ढाब्यामागून ढाबे उघडत होते. आमच्या गावचे पुढारी आबा यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलं. ती पांढरी पिल्लं बघता बघता फुगायची आणि पायात जोर नसल्यामुळे बसल्या जागी फतकल मारायची. अधू निघालेली पिल्लं शेडवरचे गडी बाहेर फेकायचे. मावशी ती उचलून आणायची, अर्धपोटी ठेवायची आणि ओढ्याकाठी हिंडायला लावायची. “खाऊन खाऊन मरायलती. आता चालून जगतील.”

कोंबडा तिने भांडून मिळवला. झुंजीत एक डोळा गेलेला, असील या लढाऊ जातीचा. मालक त्याला कापायला निघालेला, तर मावशी बाजारातच त्याच्या अंगावर धावून गेली. “तुझ्यासाठी डोळा घालवला त्यानं, आन तू रस्सा करतूस?” उंच, उघड्या मानेचा, फौजदारासारखा चालणारा तो कोंबडा तिच्या दारात आला आणि काण्या झाला.

काण्यापासून शेडच्या कोंबड्यांना झालेली पिल्लं आधी कशीही निघाली. काही बापासारखी भांडखोर, काही आईसारखी बसकी. बसकी निघाली की ती कालवणात जायची, पायाची चांगली निघाली की राखली जायची. असं काही वर्षं चाललं. शेवटी तिच्या दारात तांबूस रंगाची, अंगाने भरलेली आणि तरीही कुत्रं आलं की लिंबावर उडून बसणारी कोंबडी तयार झाली. गावरानीपेक्षा लवकर वाढायची आणि चवीला, लोक सांगायचे, तशीच लागायची. ढाबेवाले सकाळीच दारात उभे राहू लागले.

एकदा आबांनी जीप थांबवली. “मावशे, आमच्या शेडचा कचरा उचलून चांगला धंदा मांडलास की!”

“कचरा तुमी केला, आबा. मी कोंबडी केली.”

आबा हसले. मावशी हसली नाही.

मग एका उन्हाळ्यात मानमोडीची साथ येणार म्हणून बोंब झाली. या रोगात कोंबडीची मान पिळवटते आणि ती गरगर फिरून मरते. मावशी लस मागायला जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, बाटली शंभर कोंबड्यांची असते, तुझ्या मूठभर कोंबड्यांसाठी कशी फोडू? मावशी घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यासमोर अर्ध्या गावाच्या कोंबड्या डालग्याखाली घालून बायका बसल्या. दुपार झाली, ऊन डोक्यावर आलं, डॉक्टर आले नाहीत. ते आबांच्या शेडवर लस टोचायला गेले होते, आणि असलेल्या सगळ्या बाटल्या तिकडेच संपल्या.

एवढं करूनही शेडमध्ये साथ शिरली. लस द्यायला उशीर झाला होता म्हणे. मेलेले पक्षी पुरायला हवे होते. गड्यांनी ते ओढ्यात टाकले. मावशी आबांच्या दारात जाऊन ओरडली, “खड्डा घ्या की! जागा हाय, माणसं हायेत, कावून घेत न्हाई?”

“ओढ्यात गावाचं सगळंच जातंय, मावशे,” आबा म्हणाले.

कुत्र्यांनी ते पक्षी तिच्या दारापर्यंत ओढत आणले. आठवडाभरात तांबड्या कोंबड्यांच्या माना पिळवटल्या. काण्या सगळ्यात शेवटी गेला. भिंतीला टेकून तो उभा राहायला बघत होता. मी पाहिलंय ते. आजही कुणी ‘जनावराला काय कळतंय’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

त्याच सुमाराला आबांच्या दुसऱ्या शेडचं उद्घाटन होतं. मांडव, हार, मोठे पाहुणे. साखर-चहापत्ती आमच्या दुकानातून गेलेली, म्हणून मी तिथेच होतो. भाषण सुरू असताना मावशी डालगं डोक्यावर घेऊन मधल्या वाटेने आली आणि पाहुण्यांपुढच्या टेबलावर तिने ते उपडं केलं. नारळ, हार आणि त्यांच्यावर मेलेला काण्या आणि त्याची पोरं.

“मावशे, येडी झालीस का?” आबा उठले. “मी देतो तुला पिल्लं. पाहिजे तेवढी घे!”

इतकी वर्षं ती त्यांना अहो-जाहो करत होती. त्या दिवशी नाही.

“तुझी पिल्लं उभी राहत न्हाईत, आबा. मी उभी केलती. ती तू मारलीस.”

गडी तिला धरायला आले, तेव्हा मी पुढे होऊन ते पक्षी डालग्यात भरायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा मेलेली कोंबडी हातात धरली. मावशी गड्याच्या हाताला हिसडा देऊन माझ्यावरच खेकसली, “नीट धर. मान लोंबायली त्याची.”

दोघांनी मिळून त्यांना लिंबाखाली पुरलं. घरी वडिलांनी मला दारातच उभं करून अंगावर घागर ओतली. पाहुण्यांसमोर शोभा झाली म्हणून आबांनी शेडमागे खड्डा मात्र घेतला.

एक तांबडी तेवढी वाचली होती. मावशीने दुसरे कोंबडे आणून पाहिले, पण एकही मनाला आला नाही. वर्षभरात नवऱ्याला पुण्याकडे कंपनीच्या गाडीवर काम लागलं आणि तिने घर हलवलं. जाताना ती तांबडी आमच्या दुकानात सोडली. “दाणे सांडतेत तुझ्याकडं, वाण्या. जगंल.” वडिलांनी कपाळाला हात लावला, पण कोंबडीला हाकललं नाही.

पुढच्या थंडीत ती कोंबडी खुडूक झाली, उबवायला जागा शोधू लागली. शेडच्या कोंबडीला अंड्यावर बसणं ठाऊक नसतं. ही मात्र काट्याजवळच्या वजनांवर पंख पसरून बसली, आणि गिऱ्हाईकाला किलोचं वजन घेऊ देईना. मी पुण्याकडे जाणाऱ्या एका ड्रायव्हरपाशी निरोप धाडला की तांबडी बसली आहे.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, “काय म्हणली?”

“आरडली माझ्यावर,” तो म्हणाला. “म्हणली, त्या वाण्याला सांग, लोखंड कावून उबवायला लावतूस तिला? अंडी ठेव की!”

मी शेजारच्या घरातून गावरान अंडी मागून आणली. वडील गल्ल्यावर बसून बघत होते. त्यांनी उठून एकेक वजन तिच्या पोटाखालून हळूच काढलं आणि मी तिथे अंडी सरकवली.