दोन काड्यांची लावणी

शेतीखात्याच्या मॅडम आमच्या वाडीत सांगून गेल्या, भाताचं रोप मूठमूठ लावायचं नाही. दोनच काड्या लावायच्या, त्याही लांब लांब. बी निम्मं लागतं आणि पीक वाढतं. बचतगटाच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. घरी येताना मात्र सूर एकच, "तू कर गो आधी. तुझं बघून आम्ही करू." आमच्याकडे नवं काही असंच येतं. आधी एकीने उडी टाकायची, बाकीच्यांनी काठावरून बघायचं.

मीच ती शहाणी! निम्मं बी पेरलं आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली. शेत काही माझ्या एकटीचं नाही. नवरा मुंबईत, आणि अर्धा वाटा थोरल्या जावेचा. दीर वारल्यापासून ती पडवीपलीकडच्या खोलीत एकटीच राहते. वर्षभराचा तिचा भात याच शेतातला. ती "कर" म्हणाली नव्हती, "नको"ही म्हणाली नव्हती. रोपांचा वाफा विरळ दिसायचा. बांधावरून जाणारा प्रत्येकजण थांबून विचारायचा, "बी उंदरांनी खाल्लं काय गो?" मी हसून वेळ मारून न्यायचे.

लावणीला वाडीतल्या बायका आल्या, जशा आम्ही त्यांच्याकडे जातो. दोनच काड्या, दोनच काड्या, सांगून सांगून माझा घसा बसला. "हो हो" म्हणायच्या आणि हात आपला जुन्या सवयीने मूठच रोवायचा. दुपारच्या आधीच अर्धं रोप संपलं, आणि शेत तर बरंचसं मोकळंच! जास्तीचं रोप वाडीत कुणाकडे नव्हतं. शेत असंच पडून राहिलं तर पुढच्या पावसाळ्यात जावेच्या चुलीवर काय शिजणार? हौस माझी आणि उपास तिला!

"बायांनो, पाया पडते तुमच्या, दोनच लावा गो!" मी ओरडलेच.

शेजारीण कंबर सरळ करून हसली. "अगो, दोन काड्यांत काय जीव असतो? एक मेली की दुसरी एकटी पडली. एकटीचा कसा निभाव लागायचा?"

सगळ्या खिदळल्या. जाऊ माझ्या बाजूलाच लावत होती. तिने हातातल्या जुडीतून एकच काडी काढली, चिखलात रोवली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "माझा नाय लागला?"

हसणं जागच्या जागी थांबलं. शेजारीण खाली वाकली आणि तिनेही एकच काडी रोवली. मग कुणी दोनही लावल्या नाहीत, सगळ्यांनी एकेकच काडी लावली. रोप शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पुरलं. एकेका काडीला पीक काय येणार, हा घोर होताच. पण जावेच्या तोंडाकडे बघायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही.