न तुटणारी सुई

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाबाई म्हणत, आणि चिमट्याला हात न लावणारी तीच एकटी. ज्वालामुखीच्या कडेला भेगांतून तापलेली वाफ उसळते. ती निवताना तिच्यातलं शिसं, बिस्मथ, गंधक दगडावर गोठतं आणि केसाहून बारीक रुपेरी सुया उगवतात. सल्फोसॉल्ट म्हणतात त्यांना; दुर्मीळ, आणि नखरेल इतक्या की चिमट्यात धरल्या की भुगा. म्हणून बाईंनी काडीच्या टोकाला स्वतःचा एक केस चिकटवला होता. केसाच्या टोकाने सुई उचलायची, काचेच्या तंतूवर ठेवायची, श्वास सोडायचा तो त्यानंतर. उभा जन्म यात गेला.

यंदा एक सुई वाकली, पण तुटली नाही. तपासणीत शिसं, गंधक, किंचित बिस्मथ. प्रमाण कुठल्याच पुस्तकात बसेना. विभागाचे सर खुर्चीतून उठलेच.

"बाई, नवं खनिज आहे. नाव तुमचं देऊ. उद्या सकाळी सगळीकडे कळवतो."

बाईंचे पाय जमिनीला लागेनात. घरी धाकटी बहीण म्हणाली, "दगडाला तुझं नाव? शोभेल. वाकायचं तेवढं शीक त्याच्याकडून."

सकाळी बाई आरशापुढे डोक्याला नेहमीचं पाणी चोपडत होत्या. पांढरे केस हळूहळू काळे करणारी ती बाटली बहिणीनेच आणलेली. नवा चष्मा मिळाल्यापासून बहीण दिसेल ते वाचत सुटली होती.

"ताई, यात शिसं आहे गं."

"असेल. वाच पुढे."

म्हणाल्या खऱ्या, पण हात कानाशीच थांबला. शिसं बाटलीतलं. गंधक केसातलं, जळक्या केसाला तो वास उगीच का येतो? दोन्ही मिळून केस काळा होतो. आणि केस वाकतो, तुटत नाही. काडीवरचा केस मध्यंतरी आखूड वाटला होता. तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि काम पुढे रेटलं.

त्यांनी सरांना फोन लावला.

"कळवू नका. आधी माझा केस तपासा."

तासाभरात सगळे प्रयोगशाळेत यंत्रापुढे होते.

केसाच्या आलेखातही यंत्राने शिसं आणि गंधक, दोन्हींची शिखरं सुईसारखीच जागच्या जागी दाखवली. फक्त बिस्मथ केसात नव्हता. सुईवर दिसला ती दगडाची धूळ. केसाचा कार्बन पहिल्या दिवशीही दिसला होता, पण तपासणीआधी नमुन्यावर कार्बनचाच थर देतात, त्याच्याकडे बघतो कोण? सर मटकन बसले. एरवी तोंड न उघडणारा यंत्रचालक पडद्याकडे बघत म्हणाला, "बाई, दगडापेक्षा शिसं तुमच्या डोक्यावर जास्त आहे."



"तुम्ही बोलला नसता तर नाव लागलं असतं," सर म्हणाले.

"लागलं असतं. मग दुसरी सुई शोधायला माणसं त्या वाफेत उतरली असती. माझ्या वेणीपायी." बाईंनी नोंदवही पुढे ओढली. "बाटली घरात आल्यापासूनच्या सगळ्या सुया काढा. सगळ्या पुन्हा तपासू."

घरी बहीण रडवेली होऊन बसली होती. "मीच आणली होती गं ती."

"लावली मी," बाई म्हणाल्या. बाटलीचं झाकण घट्ट लावून त्यांनी ती कागदात गुंडाळली आणि हात दोनदा धुतले. मग बहिणीच्या मांजरीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"हिच्या मिशीचा केस गळला की टाकू नकोस. जपून ठेव, माझ्या काडीला लागेल."