पाण्याखालची वाट आणि माझ्या सासूबाई

पाण्याखालच्या रस्त्याने चालता येणारी बाई अख्ख्या बदलापुरात एकच आहे, आणि माझं भाग्य म्हणा की भोग म्हणा, ती माझी सासू आहे. कात्रपच्या सोसायटीत त्यांना पाहिलंत तर तुमचा विश्वास बसणार नाही. गुडघ्याला पट्टा, हातात कोथिंबिरीची जुडी आणि लिफ्ट बंद पडली की लिफ्टलाच तोंडावर सुनावलेले चार शब्द. पण याच बाई पहाटे धरणावर चुलतभावाच्या होडीत बसल्या की त्यांचं वय, गुडघा आणि पट्टा तिन्ही काठावर राहतात. डोंगराकडे एक नजर टाकून त्या सांगतात, "आता पुलाखाली आलो." मी चारी बाजूंना बघतो. मैलभर पाण्याशिवाय काहीही नसतं.

गळ टाकून काठावर बसणाऱ्याला त्या मासेमारच मानत नाहीत. "तो मासं धरीत नाय, तो मासं कधी येतान त्याची वाट बघतो," असं त्यांचं मत. त्यांची मासेमारी फिरतीची. होडी सावकाश वल्हवत राहायची, मागे काठीला बांधलेला तंगुसाचा लांब दोरा सोडायचा आणि त्याच्या टोकाला बांधलेला चमचा पाण्यातून असा लटपटत न्यायचा की मरळ माशाला वाटावं, हा कुणीतरी दुखणाईत मासा चालला आहे. हा चमचा म्हणजे खरोखर घरातला चमचा. दांडा कापून, भोक पाडून, खाली गळ अडकवलेला. आमच्या लग्नाच्या बोलण्यांत माझ्या वडिलांनी पोह्यांसाठी चमचा मागितला, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "समदे पाण्यात हायेत." वडिलांना वाटलं, भांडी भिजत घातली असतील. त्यांनी निमूटपणे हाताने पोहे खाल्ले आणि घरी येऊन माणसं साधी आहेत म्हणून सांगितलं.

मी उल्हासनगरचा. पाणी म्हणजे नळाला येतं किंवा येत नाही ते, एवढीच माझी त्याच्याशी ओळख. सासूबाईंनी शिकायला चल म्हटल्यावर मी उत्साहाने आमच्या बाजारातून एक चकचकीत रॉड आणला. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साईं, इससे तो मगरमच्छ भी खिंच के आएगा." सासूबाईंनी तो रॉड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "जळमटं बरी निघतील याच्यानं." निघतात. आजही आमच्याकडे दिवाळीची साफसफाई त्याच रॉडने होते.

घरी त्या मला जावईबापू म्हणतात. मी आलो की पंखा माझ्याकडे वळतो आणि ताटातली पहिली चपाती माझी. पण होडीने काठ सोडला की जावईपण संपतं. "अरे ए, दळण दळतोस का मारामारी करतोस? एका लयीत वल्हव!" वल्ही घाईने मारली की चमचा वर येऊन नुसता गरगरतो, आणि रेंगाळलं की तळाला जाऊन चिखल खातो. या दोन्हींच्या मधला वेग सापडायला मला दिवाळीपासून संक्रांत लागली. शिवाय त्यांचा कडक नियम असा, की एका फेरीत एकच गोष्ट बदलायची. मासा लागला नाही तर परत फिरून त्याच वाटेने, त्याच वेगाने जायचं, फक्त दोरा वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा, जास्त सोडायचा. तरी नाही लागला तर दोरा तेवढाच ठेवून वेग बदलायचा. मग चमचा. मोरिवलीच्या कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटांची तपासणी करण्यात त्यांचा जन्म गेला, तिथून ही शिस्त आली. एकदा मी अतिउत्साहात वेग आणि चमचा दोन्ही एकदम बदलले आणि नेमका दोऱ्याला हिसका बसून मासा सुटला. त्यांनी कपाळावर हात मारला. "आता काय कळलं तुला? भाकर करपली ती तव्यानं का जाळानं?" मासा सुटल्याचं त्यांना काहीच नव्हतं. आपल्याला काही कळलं नाही, याचं दुःख त्यांना संध्याकाळपर्यंत पुरलं.

मात्र त्यांची खरी विद्या याहून खोल आहे. त्या परकरात वावरत होत्या तेव्हा धरण भरलं आणि त्यांचं गाव खाली गेलं. आम्ही फेऱ्या मारतो त्याच गावावरून. मासा उघड्या तळावर राहत नाही, त्याला आडोसा लागतो, आणि कुठला आडोसा कुठे आहे हे सासूबाईंच्या पायांना पाठ आहे. डोंगराचा सुळका आणि काठावरचा ताड एका रेषेत आले की त्या पुटपुटतात, "ही शाळंची वाट. डाव्या अंगाला बांध. बांधाच्या पोटाला मरळ बसतो." थोड्या वेळाने, "विहीर आली, दोरा जरा आत घे." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझी वल्ही थांबली होती. आयुष्यभर मी ज्या पाण्याने आंघोळ केली, ते या बाईच्या शाळेच्या वाटेवरून आलं होतं.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी गुडघ्याबद्दल स्पष्ट सांगितलं. सासूबाईंनी मला होडीत ऐकवलं, "फुडल्या साली मी काय चढायची नाय हिच्यात. तवर शिकलास तर शिकलास. नायतर ही वाट कोणाला ठावं राहनार?" बायकोला माशाच्या वासाने मळमळतं, आणि चुलतभाऊ दुसऱ्या पाड्यातला, त्याला जाळ्यापलीकडे काही सुचत नाही. म्हणजे उरलो मी. आणि मला तर शिमगा तोंडावर आला तरी स्वतःच्या हाताने एक मासा काढता आला नव्हता. मला त्याची खरोखर भीती वाटू लागली होती. एका गावाचा शेवटचा रस्ता माझ्यासारख्याच्या हाती यावा, हे काही बरं लक्षण नव्हतं.

आमच्या फेरीत एक जागा अशी होती, की ती आली की त्या हात वर करायच्या. "उचल." मी दोरा गुंडाळून घ्यायचा, होडी तेवढं अंतर गप्प जायची आणि पुढे गेल्यावर दोरा पुन्हा सोडायचा. खाली बाभळी असतील, गळ अडकत असेल, असं मी धरून चाललो होतो.

मग एका सकाळी मी वल्हवत होतो, काठी त्यांच्या मांडीखाली दाबलेली होती, आणि सासूबाईंना चक्क डुलकी लागली. असं कधी झालं नव्हतं. विहीर मागे पडली, ताड सुळक्याच्या डावीकडे सरकला. ती जागा आली. आता आली का पंचाईत! काठी घ्यायची तर सासूच्या मांडीखालून ओढायची, आणि हाक मारायची तर झोपलेल्या सासूला जावयाने उठवायचं. या धर्मसंकटात मी वल्हवतच राहिलो. आणि काठी वाकली.

त्या दचकून उठल्या, काठी माझ्या हातात कोंबली आणि ओरडल्या, "तुझा हाय! ढील दे, ओढू नको!" किती वेळ झटापट चालली मला सांगता येणार नाही. शेवटी मांडीएवढा मरळ होडीत आपटत होता आणि मी लहान पोरासारखा हसत होतो.

"कुठं लागला?" त्यांनी विचारलं.

मी सुळका दाखवला, ताड दाखवला. त्यांनी दोन्ही खुणा स्वतः ताडून पाहिल्या. मग हळू म्हणाल्या, "ओटीवर."

"कुणाच्या?"

"आमच्या. घरात कोन गळ टाकतं का रं? म्हनून उचलाय सांगते."

मी दोन्ही हातांनी मरळ उचलला. "आई, मला माहीत नव्हतं. सोडून देतो याला."

त्यांनी माझं मनगट धरलं. मग घरात थोरली माणसं असावीत तसा डोक्यावरून पदर घेतला आणि पाण्याकडे बघत म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. जावई पहिल्यांदाच घरी आला. माझी आई त्याला रिकाम्या हातानं लावून देल व्हय?"

यंदा त्या काठावर खुर्ची टाकून बसतात आणि तिथूनच माझ्या वल्ह्यांना नावं ठेवतात. मला वाट आता पाठ आहे. शाळा, बांध, विहीर. त्या जागी आलो की मी दोरा वर घेतो आणि, कुणी बघत नसलं तरी, पायातल्या चपला काढून ठेवतो.