उपड्या बाटल्या

संकष्टीच्या दिवशी तीस किलोमीटर पळायचं, तेही एप्रिलात आणि तेही पाण्याचा थेंब न घेता, ही कल्पना अण्णांची. अण्णा माझे थोरले भाऊ, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. हुबळीच्या बाजारात, दुर्गदबैलला त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, मी धारवाडला कॉलेजात गणित शिकवतो. पावसाळ्यात सह्याद्रीत पन्नास किलोमीटरची डोंगरशर्यत होती आणि आम्ही दोघांनी त्यात नावं दिली होती. चौपन्नाव्या वर्षी हा माणूस चढावर मला सहज मागे टाकायचा. मला ते आवडायचं नाही. उगाच मोठेपणा कशाला दाखवू, अजिबात आवडायचं नाही.

‘पळणं पुढच्या रविवारी ठेवू या,’ मी म्हणालो.

‘एकवीस वर्षं उपास मोडला नाही, पळणं का मोडायचं? चंद्र बघितला की पाणी. शरीराला सवय लागते, बघ. तू सुम्ने, गुपचूप पळ की.’

मी फार ताणलं नाही. खरं सांगायचं तर, उपाशी अण्णांना मी गाठू शकेन असं मनात आलं होतं.

शनिवारी दुपारी बाटल्या न्यायला त्यांच्या जुन्या हुबळीतल्या घरी गेलो. निघताना वहिनी फाटकापर्यंत आल्या.

‘भाऊजी, त्यांच्याही वाटणीचं पाणी ठेवा हं. पिणार नाही म्हणतात, पण जीव घाबरला की पितील. गेल्या खेपेला पळून आले आणि बाथरूममध्येच बसले. उठता येईना. तुम्हाला सांगू नको म्हणाले.’

मी ठेवतो म्हणालो. शब्दच दिला. 

अळणावरच्या अलीकडे एका खेड्यातल्या मारुतीच्या देवळापासून जंगलात वळसा घालून परत देवळापाशी यायचं, अशी आमची वाट होती. दर सात किलोमीटरला एक, अशा तीन ठिकाणी मी मोटारसायकलवरून जाऊन झाडाखाली दोन-दोन बाटल्या ठेवल्या. एक त्यांची, एक माझी. आमचा नियम होता: पाणी प्यायलं की बाटली दगडावर उपडी घालून पुढे जायचं. जंगलात फोनला रेंज नसते. उपडी बाटली म्हणजे मी इथून गेलो, मी ठीक आहे.

रविवारी सहाला निघालो. वारा अगदी पडलेला होता. सागाची पानं गळून गेल्यामुळे सावली नावालाच होती आणि पाय पडेल तिथे पाचोळा वाजायचा. अण्णांच्या पावलांचा आवाज थोडा वेळ पुढून येत राहिला, मग बंद झाला.

पहिल्या ठिकाणी दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. उपास, म्हणजे असंच होणार. मी माझी प्यायलो, उपडी घातली, त्यांची राहू दिली.

दुसऱ्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यात शिरलं होतं. पुन्हा दोन्ही भरलेल्या. माझी एका दमात संपवली, तरी घसा कोरडाच. मग त्यांच्या बाटलीकडे बघितलं. पुढे गेलेला माणूस पाणी प्यायला मागे येणार नाही, असा सरळ हिशेब केला आणि तीही प्यायलो. दोन्ही शेजारी शेजारी उपड्या घातल्या.

तिसऱ्या ठिकाणी तर तहानही उरली नव्हती. तरी माझी प्यायलो, त्यांची डोक्यावर ओतून घेतली आणि दोन्ही उपड्या घातल्या. बरं वाटलं.

देवळापाशी आलो तर मोटारसायकलच्या हँडलला अण्णांचा शर्ट तसाच लटकत होता. अण्णा नव्हते. पहिली दोन-चार मिनिटं मला काय वाटलं, हे सांगायची लाज वाटते. मला वाटलं, जिंकलो.

मग लक्षात आलं. अण्णा पुढे नव्हतेच. वाटेत कुठे तरी आडोशाला टेकले असतील आणि मी त्यांना न बघता ओलांडून आलो होतो. ते माझ्या मागे होते, आणि मागे पाणी किती उरलंय ते फक्त मला माहीत होतं. पहिल्या झाडाखाली एक बाटली. बस्स.

गावातल्या एका शेतकऱ्याला कळशीसकट मागे बसवलं आणि उलट्या दिशेने निघालो. अण्णा तिसऱ्या झाडाखाली सापडले. बुंध्याला टेकून बसले होते, उपडी घातलेली एक बाटली उचलून तोंडाला लावलेली. अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. मला त्यांनी ओळखलं नाही. शेतकऱ्याच्या कळशीकडे बघून कानडीत पाणी मागू लागले, ‘नीरू. नीरू कोडी.’ एकवीस वर्षांचा उपास सकाळी अकराला मोडला.

हुबळीच्या दवाखान्यात त्यांचा जीव वाचला, मूत्रपिंडं नीट राहिली नाहीत. कॉरिडॉरमध्ये वहिनींनी मला एकच विचारलं.

‘भाऊजी, पाणी ठेवलं होतंत ना?’

‘ठेवलं होतं.’

खोटं नव्हतं ते.

शुद्धीवर आल्यावर अण्णांनी सगळ्यांना सांगितलं, ‘चक्कर आली म्हणून जरा आडवा झालो. मग म्हटलं, उपास गेला खड्ड्यात, पाणी पिऊ. तर दोन्हीकडे बाटल्या रिकाम्या. कुणी गुराखी प्यायला असेल बिचारा. संकष्टीला कुणाची तरी तहान भागली, चांगलंच झालं की.’ मी मान डोलावली. वर्षभर मी त्या गुराख्याच्या आड सुखाने लपून राहिलो.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. वहिनी आत भांडी घासून एकेक उपडी घालत होत्या, ते बाहेरून दिसत होतं. आणि गणिताच्या मास्तराला वर्षानंतर ते सुचलं. गुराखी चांगली बाटली घरी नेईल, नाही तर फेकून देईल. दगडावर शेजारी शेजारी उपड्या घालून जाणार नाही. तो नियम जगात दोघांनाच ठाऊक होता.

मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते.

‘गुराखीच होता,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘तिला तसं सांगितलंय. तसंच राहू दे.’

तेवढ्यात वहिनी बाहेर आल्या. अण्णांना आता दिवसभराचं पाणी मोजून मिळतं. त्यांच्या हातात छोटी वाटी दिली, माझ्यासमोर भरलेला तांब्या ठेवला.

‘उन्हातून आलात भाऊजी, पाणी घ्या.’

अण्णा बघत होते. मी तो सगळा प्यायलो.